होडीला स्थळ

भाऊंकडे होडी आहे, होडीखाली ट्रेलर आहे आणि ट्रेलरपुढे गाडी नाही. ढाकुरियातल्या आमच्या गल्लीत ही हकिगत मराठी, बंगाली आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत तोंडपाठ आहे. भाऊ मूळचे पुण्याचे. नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि निवृत्त झाल्यावरही परत गेले नाहीत. गल्लीतली मुलं त्यांना ‘भाऊदा’ म्हणतात आणि त्यांच्या बायकोला ‘बौदी’. आमच्यासारख्या दोन-चार मराठी घरांना त्या वहिनी. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात मातीच्या भांड्यातून चहा पिताना कुणी ना कुणी विचारतंच, “भाऊदा, गाडी पेलेन?” भाऊ भांडं बाकावर ठेवतात आणि गंभीरपणे सांगतात, “मिळाल्यातच जमा आहे. फक्त एक शंका आहे.”

ती शंका फिटली असं आजवर झालेलं नाही.

भाऊंच्या कोशातली सगळ्यात जहाल शिवी आहे ‘कोणीही करील’. पुरीला जायचंय, हावड्याहून रात्रीच्या गाडीने जाऊ या, असं म्हटलं की भाऊ तोंड वाकडं करतात. “कोणीही करील.” मिक्सर बिघडलाय, नवा घेऊ या. “कोणीही करील.” मग तो मिक्सर उघडला जातो, त्याची मोटर दुसऱ्याच कशाला तरी बसते आणि वहिनी शेवटी पाट्यावर चटणी वाटतात. असा एखादा काका, मामा किंवा सासरा बहुतेक घरांत असतोच. समोर सरळ उत्तर दिसलं की या माणसांना संशय येतो. एवढं सोपं असतं तर आधीच कुणी केलं नसतं का, असं त्यांना वाटतं. आधीच सगळ्यांनी केलेलं असतं, म्हणून तर ते सोपं असतं. पण हे त्यांना कोण सांगणार?

होडीचं सरळ उत्तर गल्लीच्या तोंडाशीच उभं असतं. भाड्याचे छोटा हाथी तिथे रांगेने लागलेले असतात. टाटांनी 2005 साली ही गाडी बाजारात आणली, ती पुण्यातच घडली, त्यामुळे भाऊंना तिचं कौतुक आहे. तरी होडीच्या कामी ती नापास. “पाठ सात फुटांची, होडी चौदा फुटांची. अर्धी मागे लोंबणार. आणि ते वाहणं झालं, ओढणं नव्हे. वाहून नेतात ते कपाट. होडी ओढून न्यायची असते.”

कोलकात्यात होडी बाळगावी हे खूळ भाऊंना पुण्यातच लागलं. इंजिनीअरिंग कॉलेजच्या बोट क्लबमध्ये ते वल्ही मारायचे. तिथला रेगाटा 1928 पासूनचा, मुळेच्या पाण्यावरचा. पुढे गार्डन रीचला जहाजबांधणीत नोकरी झाली. हजारो टनांची जहाजं त्यांनी पाण्यात सोडताना पाहिली, पण तिथे जहाज उतारावर बांधायचं आणि वेळ आली की खालचे ठोकळे काढायचे. ते आपल्या पायाने नदीत जातं. ओढण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ज्या प्रश्नाने भाऊंना निवृत्तीनंतर गाठलं, तो उभ्या नोकरीत त्यांना एकदाही भेटला नव्हता. प्रश्नाला पाहून ते इतके का खुलले, ते यावरून कळतं.

होडी बलागडची. हुगळी जिल्ह्यात, बांडेल-कटवा लाइनवर हे गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधतात, फळीच्या कडेला फळी लावून चपट्या लोखंडी खिळ्यांनी टाचत जातात. भाऊ तिथे मिस्त्रीच्या शेजारी फळकुटावर बसून राहिले आणि होडी पुरी झाल्यावरच उठले. मग ती कोलकात्याला आली कशी? नदीतून. एका नावाड्याने ओहोटीचं पाणी धरलं आणि ती बाबूघाटाला आणून लावली. भाऊंना हे थोडं लागलंच. त्या भल्या माणसाने एकही शंका न काढता काम केलं होतं.

बाबूघाटापासून ढाकुरियापर्यंत होडी ठेल्यावरून आली. ओढणारे पाच-सहा जण होते आणि मागून ढकलणारे भाऊ. ठेला असो नाहीतर हातरिक्षा, माणसाने ओढलेलं काही दिसलं की भाऊंचे हात आपोआप पुढे होतात. हातरिक्षात ते आयुष्यात बसलेले नाहीत. एकदा मुसळधार पावसात वहिनी रिक्षात बसल्या होत्या आणि भाऊ रिक्षावाल्याच्या बाजूने, त्याच्या डोक्यावर छत्री धरत चालले होते. वहिनी भिजत होत्या. म्हणूनच “आली तशी ठेल्यावरून पाठवा ना परत,” असं कुणी म्हटलं की भाऊ चिडतात. “माणसांनाच ओढायला लावायचं तर कसब्याच्या वेल्डरकडून ट्रेलर कशाला करून घेतला?”

बरं, एवढ्या लांब नदीवर तरी का जायचं? रवींद्र सरोवर आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. 1858 साली स्थापन झालेला कलकत्ता रोइंग क्लब तिथेच आहे. पहाटे पोरंपोरी लांबलचक होड्या डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालत जातात. भाऊ रोज सकाळी काठावर उभे राहून त्यांना वल्ही कशी मारू नयेत ते सांगतात. आपली होडी तिथे उतरवण्याची परवानगी मिळेल का, हे मात्र त्यांनी कधी विचारलेलं नाही. “तळ्यात होडी गोल फिरते,” ते म्हणतात. “नदीत कुठेतरी जाते.” ज्या गॅरेजात होडी उभी आहे, तिथून तिचा ट्रेलर अजून फूटभरही हललेला नाही, ही गोष्ट अशा वेळी कुणी काढत नाही.

वहिनींनी या सगळ्या प्रकाराला एकच नाव दिलं आहे. फोनवर कुणी “भाऊ काय करतायत?” विचारलं की त्या सांगतात, “होडीला स्थळं बघतायत.” आणि खरोखर रिवाजही तसाच आहे. एक लांब वही आहे. त्यात वाहनाचं जन्मसाल, गाव, वजन, ताकद, मागच्या चाकांचे पाटे किती, पूर्वीचे मालक किती, सगळं टिपलेलं. शेवटच्या रकान्यात शेरा. ‘चांगलं आहे, पण उंची जास्त.’ ‘घराणं उत्तम, प्रकृती नाजूक.’ ‘होकार होता, आपल्याकडून कळवायचं राहिलं.’

वहिनी एकदा भरल्या घरात म्हणाल्या, “मला बघायला आले होते तेव्हा अर्ध्या तासात होकार दिला होता. निवड म्हणून तेवढी एकच, शंका न काढता केलेली. नंतर जी गाडी अडली ती अडलीच.” भाऊ कानापर्यंत लाल झाले आणि ट्रेलरच्या टायरमधली हवा बघायला गेले.

होडीची देखभाल मात्र बघत राहावी अशी. लाकडी होडी कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात आणि पाण्यात टाकल्याबरोबर ती भरू लागते. होडी पाण्यापर्यंत जात नाही म्हटल्यावर पाणी होडीपर्यंत आणायचं, हा भाऊंचा उपाय. दर रविवारी सकाळी गॅरेजचं शटर वर जातं, ओली गोणपाटं होडीच्या तळाशी पसरली जातात आणि भाऊ झारीने फळ्यांना अंघोळ घालतात. शेजारच्या मासीमा रोज तुळशीला पाणी घालून झाल्यावर उरलेलं तांब्याभर पाणी, पुण्य म्हणून, होडीत टाकतात.

दुसरा विधी वजनाचा. ट्रेलरच्या एकूण वजनातला साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर पडला पाहिजे, हे भाऊंचं ब्रह्मवाक्य. कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो आणि गाडीलाच घेऊन आडवा होतो. जास्त पडला तर गाडी मागे बसते आणि तिची पुढची चाकं हलकी होतात. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ती मोजायला भाऊंनी न्हाणीघरातला वजनकाटा आणला, ट्रेलरच्या दांडीखाली विटा रचून त्यावर ठेवला आणि गुडघ्यांवर बसून काचेतला आकडा वाचू लागले. आकडा हवा तेवढा येईना. होडी दोन बोटं पुढे सरकवली, मग एक बोट मागे. मुलं दोन्ही बाजूंनी होडी धरून उभी. “आता?” “थांब.” “आता?” “अरे, तू टेकलास का तिच्यावर?” “ना, भाऊदा.” “मग हे दोन किलो कुणाचे?” होडीत मासीमांचं मांजर झोपलेलं होतं. त्यालाही वहीत वेगळा रकाना मिळाला. वजनकाटा अजून तिथेच आहे. वहिनी म्हणतात, तेवढी एक चिंता तरी कमी झाली.

पहिलं स्थळ आलं ते अँबॅसेडरचं. कोलकात्यात राहून दुसरा विचार आधी मनात येणं शक्यच नव्हतं. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून उतरलेली ही गाडी नदीपलीकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनायची. 2014च्या मे महिन्यात तो कारखाना थांबला आणि पिवळ्या टॅक्सी एकेक करून म्हाताऱ्या होऊ लागल्या. भाऊंनी अशीच एक डिझेल टॅक्सी हेरली, शर्टाच्या खिशातली टेप काढली आणि भर गरियाहाटात तिच्या मागे जमिनीवर आडवे झाले. बाहेर आले ते अंगभर ग्रीस आणि चेहऱ्यावर दुःख घेऊन. अँबॅसेडरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. हूक बसवायचा तर आतून जाड पट्टी मारावी लागणार. आणि पंधरा वर्षं ओल खाल्लेल्या त्या पत्र्याने हूक धरून ठेवला असता की हुकाने पत्रा, हा प्रश्नच होता. टॅक्सीवाला छपऱ्याचा म्हातारा. सगळं शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, “बाबू, चढाव पर इसको खुद धक्का लगता है. ई नाव खींचेगी?” भाऊंनी त्याला चहा पाजला. त्याच्या नातवाची बारावीची फी भरायला गेली दोन वर्षं भाऊच जातात. गाडी घेतली नाही.

दुसरं स्थळ डोंगरातलं. दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांग नावाचं गाव आहे. तिथून सांदकफूच्या चढावर पन्नासच्या दशकातल्या लँड रोव्हर आजही प्रवासी घेऊन जातात. कुणाचं गिअर एकाचं, कुणाचं बोनेट दुसऱ्याचं, पण दगडधोंड्यांतून चढतात. भाऊंनी सहलीच्या नावाखाली वहिनींना नेलं. सांदकफूची उंची 3636 मीटर. पहाटे ढग बाजूला झाले, समोर कांचनजंगा उजळली, लांबवर एव्हरेस्ट दिसलं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी हाक मारली, “अहो, बघा तरी!” उत्तर लँड रोव्हरखालून आलं. “बघतोय! मागचा आस शाबूत आहे!” फोटोत कांचनजंगा आहे, वहिनी आहेत आणि डाव्या कोपऱ्यात भाऊंचे बूट आहेत. मालकाने गाडी विकायला साफ नकार दिला. त्याच्या बापाने त्याला सांगून ठेवलं होतं, जमीन विक, ही विकू नको. भाऊंना या नकाराचा एवढा आनंद झाला की खाली येईपर्यंत ते त्या मालकाचे गोडवे गात होते. तोलामोलाच्या घरातून नकार आला की त्यातही एक समाधान असतं.

लग्नकार्यांतही हेच. बालिगंजच्या एका लग्नात नवरदेवाची गाडी येऊन उभी राहिली आणि भाऊ वाकून तिच्या मागच्या बंपरखाली बघू लागले. वरपक्षाला वाटलं, पोलिसांचा माणूस असावा. त्यांनी घाईघाईने डिकी उघडून दाखवली. भाऊ म्हणाले, “डिकी नको, पाटे दाखवा.”

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला सगळे जमतात. तिथे एकदा सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यातले विट्याकडचे एक गृहस्थ भाऊंच्या पंक्तीला बसले. भाऊंनी जिलबीच्या ताटात बोटाने ट्रेलर काढून दाखवला. त्या गृहस्थांनी शांतपणे जिलबी संपवली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, आमच्याकडं एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या वडतोय. वर गाणी लावत्यात. तुमची होडी म्हंजे काय हो? ट्रॅक्टर घ्या, इषय संपला.” विषय संपतो म्हटल्यावर भाऊ अस्वस्थ झाले. रात्री अकराला त्यांचा मला फोन आला. “ट्रॅक्टर बरोबर आहे रे. कोकणातसुद्धा हल्ली किनाऱ्यावर ट्रॅक्टरने होड्या ओढतात. पण कोणीही करील.”

मग भ्यानो आला. सुंदरबनाच्या बाजूला सायकलव्हॅनला पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन बसवून एक तीनचाकी करतात, तिला गावकरी भ्यानो म्हणतात. नंबरप्लेट नाही, आवाज असा की पुढच्या गावात आधी आवाज पोचतो. भाऊ त्याच्या प्रेमातच पडले. “दिवसा माणसं ओढतो, रात्री शेताला पाणी देतो. याहून गुणी वाहन दाखव.” पण कोलकात्याच्या हमरस्त्यावर त्याला पोलीस पहिल्याच सिग्नलला धरणार. ट्रामचाही विचार झाला होता. विजेची पहिली ट्राम 1902 साली धावली ती एस्प्लनेड ते खिदिरपूर, म्हणजे थेट गोदीच्या दिशेने, हा भाऊंच्या मते शुभशकुन. ट्रामच्या मागे रुळांवरून होडी न्यायची. तत्त्वतः शक्य आहे! ‘तत्त्वतः शक्य आहे’ हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. व्यवहारात काय, असं मात्र त्यांना विचारू नये. खिदिरपूरची ट्रामच बंद पडली आहे.

कायद्याचाही त्यांनी अभ्यास केला. 1988च्या मोटार वाहन कायद्यातली ‘मोटार वाहन’ची व्याख्या वाचून ते धावतच घरी आले. त्या व्याख्येत ट्रेलरही येतो. “म्हणजे इंजिन नसलं तरी कायद्याने माझ्या दारात मोटार उभी आहे!” वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग त्या मोटारीने न्या होडी.”

आता समजा गाडी मिळालीच. पुढचं वेळापत्रक भाऊंनी भिंतीवर लावून ठेवलं आहे. हुगळीची भरती कोलकात्याच्याही वर चढते आणि ओहोटीला घाटाच्या खालच्या पायऱ्या नि त्याखालचा चिखल उघडा पडतो. त्यामुळे होडी उतरवायची ती भरतीलाच. नदीत बान येतो, म्हणजे भरतीची उभी लाट उलटी चालून येते, ते दिवस वर्ज्य. त्यात कोलकात्याचे कितीतरी एकमार्गी रस्ते दुपारी एकनंतर आपली दिशा बदलतात. सकाळी जिकडून जायचं, दुपारी तिकडून यायचं. ट्रेलर लावून मधेच अडकलात तर परत वळता येत नाही. म्हणजे भरती एकच्या आत हवी, रविवार हवा, मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉलची मॅच नको, ब्रिगेड मैदानावर सभा नको. असे मुहूर्त वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात आणि भाऊ त्यांना लाल पेन्सिलीने गोल करतात. घाटाला पायऱ्या असतात, उतार नसतो, मग ट्रेलर खाली जाणार कसा, हे एका मुलाने विचारलं तेव्हा भाऊंनी त्याची पाठ थोपटली. “शाब्बास! हा वहीचा दुसरा भाग.”

पूजेच्या दिवसांत तर त्यांना विशेष जोर चढतो. देवी कशावर बसून येणार आणि कशावर बसून जाणार, हे बंगालात पंचांग बघून ठरतं. सप्तमीच्या वारावरून येणं, दशमीच्या वारावरून जाणं. रविवार-सोमवार हत्ती, शनिवार-मंगळवार घोडा, गुरुवार-शुक्रवार पालखी, बुधवार नौका. गल्लीतली म्हातारी माणसं यंदा हत्ती की घोडा यावर तासन्‌तास बोलतात, कारण त्यावर पाऊसपाणी नि रोगराई अवलंबून. भाऊंचा आक्षेप वेगळाच. “चारच पर्याय, तेही वाराला बांधलेले. विचाराला जागाच नाही.” मग थोडं थांबून, “पण बुधवारी तरी तिची नौका पाण्यापर्यंत कोण आणून देतं?”

हाच प्रश्न त्यांनी इतिहासालाही विचारलेला आहे. 1969 साली पिनाकी चॅटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक हे दोघे कोलकात्याहून वल्ह्यांच्या होडीने निघाले आणि बंगालचा उपसागर ओलांडून अंदमानला पोचले. होडीचं नाव होतं ‘कान्होजी आंग्रे’. अड्ड्यावर ही गोष्ट निघाली की बंगाली मंडळी पिनाकीबाबूंसाठी छाती फुगवतात, भाऊ आंग्र्यांसाठी, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी अभिमान वाटण्याचा असा प्रसंग कोलकात्यातल्या मराठी माणसाला क्वचितच मिळतो. सगळे भारावलेले असताना भाऊ हळूच म्हणतात, “ते सगळं ठीक. समुद्र काय, समोरच असतो. ती होडी घाटापर्यंत कशाने ओढली असेल?”

एका पावसाळ्यात रात्रभर कोसळला. सकाळी गल्लीत मांडीपर्यंत पाणी. असं दर एक-दोन वर्षांनी होतंच. लोक खिडकीत बसून कुणाची स्कूटर कुठवर बुडाली ते बघतात. त्या दिवशी मासीमांना डायलिसिसला जायचं होतं. टॅक्सी येईना, अँब्युलन्स मोठ्या रस्त्यावर थांबलेली. मुलं भाऊंच्या दाराशी आली. भाऊंनी शटर वर केलं. होडी ट्रेलरवरून अलगद उठून तरंगतच होती. सांध्यांतून थोडं पाणी झिरपलं, पण इतके रविवार झारीने घातलेलं पाणी कामी आलं. फळ्या लगेच फुगल्या आणि गळती थांबली. मासीमा छत्री नि मांजर घेऊन मधल्या फळीवर बसल्या. वल्ही मारायला जागा नव्हती. भाऊंनी पुढच्या कडीला दोर बांधला. एक मुलगा दोर घ्यायला आला, तर त्याला म्हणाले, “तू मागून धर.” दोर खांद्यावर घेतला आणि पँट वर खोचून निघाले. वहिनी गच्चीतून ओरडत होत्या, “दिव्याच्या खांबांपासून लांब राहा!” दुपारपर्यंत त्या होडीतून गल्लीचं दूध आलं, औषधं आली, एक गॅस सिलिंडर आला आणि परीक्षेला निघालेली एक मुलगी कोरड्या पायांनी मोठ्या रस्त्याला लागली. प्रत्येक खेपेला दोर भाऊंच्याच खांद्यावर. हातरिक्षात न बसलेला माणूस दिवसभर दुसऱ्यांना ओढत होता आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या दुकानात, बाकावर पाय घेऊन, सगळ्यांनी एकमताने ठराव केला की होडीला गाडी मिळाली. भाऊंनी तो तिथल्या तिथे फेटाळला. “ते पाण्यातलं ओढणं. वजन पाण्यावर असतं. रस्त्यावरचा प्रश्न वेगळा. दहा टक्के तिथे लागू होत नाहीत.”

मला पूर्वी वाटायचं की या माणसाला एकदा गाडी मिळवून द्यावी आणि सोडवावं. आता वाटत नाही. भाऊंना या शहरात जेवढी माणसं ओळखतात तेवढी इथे जन्मलेल्यांनाही ओळखत नाहीत. छपऱ्याचा टॅक्सीवाला, कसब्याचा वेल्डर, बलागडचा मिस्त्री, मानेभंज्यांगचा हट्टी मालक, विट्याचे गलाईवाले, घाटावरचे नावाडी. यांतला एकेक जण भाऊंना कुठल्या ना कुठल्या गाडीखाली किंवा गाडीमागे भेटलेला आहे. छोटा हाथी बोलावून होडी नेली असती तर दोन तासांत काम झालं असतं आणि भाऊ कोलकात्यात अजूनही पुण्याचेच राहिले असते. परक्या गावात घर घेऊन रुजणारे असतात, भाषा शिकून रुजणारे असतात. भाऊ एका न सुटलेल्या प्रश्नाच्या जोरावर रुजले. तो सोडवायला जाणारे आपण कोण?

हे मी वहिनींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला आज कळतंय. परवा एका दलालाने खरोखरच जमेल अशी जीप आणली होती. चासी, पाटे, हूक, किंमत, सगळं बसत होतं. हे रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.”

“मग?”

“मग काय, सकाळी मीच एक शंका काढून दिली.”